पंधरा मिलिमीटरची वावटळ

दोष पुढच्या चाकाचा होता. टेकडीच्या पायथ्याशी पोचल्यावर, म्हणजे बाकीचे सगळे पोचून, पाणी पिऊन, एकमेकांचे फोटो काढून, ते पसंत न पडल्यामुळे पुन्हा काढून झाल्यावर, हेल्मेटचा पट्टा सोडता सोडता ती पहिलं वाक्य बोलली ते हेच. "पुढचं चाक वळवळतंय माझं."

कोणी काही विचारलं नव्हतं. पंचाईत तीच होती. तीन वर्षांपूर्वी ती अशी पाच मिनिटं मागे राहिली असती तर चौघंजण मलमपट्टीची पेटी घेऊन वर धावले असते. डोंगरात सायकली हाणणाऱ्या या टोळीत तिचं नाव वावटळ. वरच्या पाण्याच्या टाकीपासून पायथ्यापर्यंतची ती दगडगोट्यांची उतरण तिच्याइतक्या वेगात कोणी उतरलं नव्हतं. पहिली पोचल्यावर ती झाडाला टेकून अशी उभी राहायची, की सकाळपासून तिथेच उभी असावी. मग बाळंतपण झालं, मग दात, मग लसी, मग सर्दी, मग ती सर्दी घरभर फिरून परत आली. आणि लेक एक वर्ष आठ महिन्यांची झाल्यावर आज ती पहिल्यांदा पुन्हा टेकडीवर आली होती.

"काय वावटळ," टोळीचे म्होरके म्हणाले, "आज अगदी झुळूक झालीस की!"

म्होरके पेशाने दातांचे डॉक्टर. ते हे प्रेमानेच म्हणाले. दातांचे डॉक्टर सगळं प्रेमानेच करतात. दुखायचं ते दुखतंच.

"महिनाअखेरच्या रविवारी नवशिक्यांना उतरवायचंय," ते पुढे म्हणाले. "पूर्वी दरवर्षी पुढे तूच असायचीस, माहितेय मला. पण यंदा मी राहतो पुढे. तू शेवटी राहा. मागे कोण पडलं, कोणाचं काय सांडलं, ते गोळा करत ये. जमेल ना?"

आता, गोळा करत येणं हे तिला जमणार नाही तर कोणाला? गेले वीस महिने ती दुसरं करत काय होती? मोजे, ठोकळे, अर्धवट चघळलेली बिस्किटं. पण त्यासाठी टेकडी चढायची गरज नव्हती.

"चाक नीट करून घेते," ती म्हणाली. "मग पुढे मीच."

हे ती जरा मोठ्याने बोलली. त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं, आणि सगळ्यांनी ऐकल्यामुळे आता ते करणं भाग होतं.

एक गोष्ट मात्र तिने सांगितली नाही. अर्ध्या उतरणीवर एक वाकडा विजेचा खांब आहे, तिथे वाट एकदम उजवीकडे वळते आणि डावीकडे नुसतं आभाळ असतं. पूर्वी त्या वळणावर ती शीळ घालायची. आज त्या वळणावर तिच्या दोन्ही हातांनी, तिला न विचारता, ब्रेक दाबले होते. हातांची ही आगाऊगिरी तिने कोणाला कळू दिली नाही. स्वतःलासुद्धा नाही. चाक वळवळतं म्हणून दाबले, झालं.

सायकलवाल्याने चाक हलवून बघितलं, फिरवून बघितलं आणि म्हणाला, "हलणारच ताई. नऊचा एक्सल आहे."

पुढचं चाक ज्या दोन पायांच्या मधे उभं असतं, तो फोर्क. खड्ड्यात गेलं की ते पाय स्प्रिंगवर दबतात आणि आपल्या मनगटाचे सांधे जागेवर राहतात. या दोन पायांना आणि चाकाला एकत्र ओवणारी आडवी दांडी म्हणजे एक्सल. तिची नऊ मिलिमीटरची, पेन्सिलीएवढी. हल्लीचे फोर्क पंधरा मिलिमीटरचे. जाडजूड पोकळ नळी एका पायातून आरपार जाते आणि दुसऱ्या पायात पेच आवळून बसते. मग दोन्ही पाय एकाच मताचे होतात. चाक जिथे वळवू तिथेच वळतं.

"मग एक्सल बदला."

"नुसता कसा बदलू? भोक नऊचं आहे. फोर्क बदलायला लागेल."

"मग फोर्क बदला."

"होऊन जाईल."

हा सायकलवाल्याचा आवडता शब्द. त्यात कोण करणार, कधी होणार आणि झाल्यावर काय उरणार, यातलं काहीच नसतं, हे तिला पुढे कळलं. त्या वेळी तिला तो आशीर्वाद वाटला.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला. मोजल्याशिवाय तो पाण्याला ओलंही म्हणत नाही. त्याने सायकल दिवाणखान्यात आणली, पुढच्या चाकाशेजारी पट्टी उभी केली, तिला हॅण्डल धरून जोर लावायला सांगितलं आणि स्वतः पोटावर पडून बघायला लागला. त्याच्या पाठीवर लगेच लेक चढून बसली. सतत स्वतःभोवती फिरून पडत असल्यामुळे तिला सगळे भिंगरी म्हणत. हातात तिचा गोलू होता. गोलू म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं बुटकं कडं, मधे अंगठा जाईल एवढं भोक. दात येताना आजीने ते कुठूनसं शोधून, उकळून तिला चावायला दिलं होतं, आणि तेव्हापासून भिंगरी ते घेऊनच झोपायची, ते घेऊनच उठायची आणि घरातल्या प्रत्येकाची त्याच्या भोकातून तपासणी करायची.

"दोन मिलिमीटर हलतंय," नवरा जमिनीवरून म्हणाला.

"बघ! म्हटलं नव्हतं मी?"

"अगं, पण तुलनेसाठी मी सोफाही मोजला. तो तीन हलतो."

"सोफा घेऊन मी टेकडी उतरत नाही."

हा मुद्दा नवऱ्याला शास्त्रीयदृष्ट्या मान्य झाला. फोर्क मागवायचं ठरलं.

इथे खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका हजर झाले. दिवाणखान्यात सायकल उभी करून दोन माणसं आळीपाळीने ढकलत असली की खालच्या छताला ते कळतंच. काकांनी चाळीस वर्षं शर्ट शिवले होते आणि आता ते निवृत्त असल्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू त्यांना शर्टासारखी दिसे.

"अंगावर बसलं पाहिजे बघ पोरी," ते सायकलीकडे डोळे बारीक करून म्हणाले. "आणि कापायची वेळ आली तर मला हाक मार. लोक घाईने कापतात आणि मग रडतात."

"काका, हे लोखंड आहे."

"लोखंडालाही मापच असतं ना?"

फोर्क आठ दिवसांत शहरात आला. घरी आला नाही. पार्सल कार्यालयातून एक चिठ्ठी आली, की वाहनाचा सुटा भाग असल्याने समक्ष येऊन अर्ज भरावा. भिंगरी दुपारी दीड तास झोपते. त्या दीड तासात ती धावत गेली. खिडकीमागे एक सद्गृहस्थ बसले होते. त्यांनी अर्ज पुढे सरकवला.

"वाहनाचा नोंदणी क्रमांक राहिलाय."

"सायकल आहे हो. सायकलला नंबर नसतो."

"रकाना रिकामा ठेवता येत नाही. यंत्र पुढे जात नाही."

"मग शून्य टाका."

त्यांनी शून्य टाकलं. यंत्राने विचार केला. "शून्य क्रमांकाचं वाहन चोरीला गेलेलं असू शकतं, असं म्हणतंय," सद्गृहस्थ म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी तिच्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं. तिच्या खांद्यावर दुपारच्या जेवणातलं गाजर होतं. "असं करा. तुमच्या वाहनाला नंबर नाही, असा वाहन नोंदणी कार्यालयाचा दाखला आणा."

दुसऱ्या दिवशीचा दीड तास वाहन नोंदणी कार्यालयात गेला. तिथल्या बाई समजूतदार होत्या. त्या म्हणाल्या, दाखला देते की, त्यात काय, फक्त वाहनाचा नंबर सांगा.

ती घरी आली आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून राहिली. खिडकीचा पडदा वर गुंडाळलेला होता. त्याच्या दोरीच्या टोकाला नवऱ्याने वजन म्हणून बांधलेलं गोल कडं वाऱ्याने भिंतीवर टकटक करत होतं. ती रडत नव्हती. पण रडायला आधी जी पूर्वतयारी लागते ती झाली होती.

सासूबाई कणीक मळल्यासारख्या गंभीरपणे वर्तमानपत्र वाचत होत्या. सुनेच्या टेकडीवर जाण्याला त्यांचा विरोध होता आणि तो त्यांनी कधी लपवला नव्हता. 'खाली सपाट रस्ते असताना' अशी सुरुवात असलेली त्यांची किमान सहा वाक्यं घरात सगळ्यांना पाठ होती. पण सासूबाई निवृत्त हेडक्लार्क होत्या. अर्जाची गोष्ट ऐकताच त्यांनी चष्मा लावला.

"कोण म्हणालं पुढे जात नाही?"

"खिडकीवरचे गृहस्थ."

"अर्ज दे इकडे." त्यांनी अर्ज वाचला. वाचताना त्यांच्या चेहऱ्यावर असे भाव होते, की एखाद्या जुन्या मैत्रिणीच्या मुलाने वाईट वळण घेतलंय असं त्यांना कळलं असावं. "मी येते उद्या. भिंगरीलाही घे. झोपमोड झाली तर होऊ दे. रडली तर उत्तमच."

दुसऱ्या दिवशी सासूबाई इस्त्रीचे कपडे करून, हातात पर्स घेऊन खिडकीपुढे उभ्या राहिल्या. ती मागे, कडेवर भिंगरी, भिंगरीच्या डोळ्याला गोलू.

"नमस्कार. अर्जाच्या मागच्या बाजूला काय आहे?" सासूबाईंनी विचारलं.

"मागे?" सद्गृहस्थ म्हणाले. "मागे काही नसतं."

"प्रत्येक अर्जाला मागची बाजू असते. मी छत्तीस वर्षं अर्ज छापून घेतलेत. उलटा."

त्यांनी उलटला. मागे, अगदी बारीक अक्षरात, तळाशी लिहिलं होतं: यंत्राविना चालणाऱ्या वाहनांसाठी, नोंदणी क्रमांक आवश्यक नाही, इथे खूण करावी. शेजारी एक चिमुकला चौकोन. अकरा वर्षं ते त्या खिडकीत बसत होते. त्या चौकोनाकडे ते असे बघत राहिले, की त्यांची आणि त्याची चुकामूक झाल्याचं दुःख बघणाऱ्यालाही व्हावं.

"तुमची चूक नाही," सासूबाई एकदम मऊ झाल्या. "मागचं पान कोणीच बघत नाही. अक्षर मोठं करायला कळवा वर."

पार्सल कडेवर घेऊन त्या बाहेर आल्या. म्हणजे पार्सल सासूबाईंच्या कडेवर, भिंगरी तिच्या.

"आई, थँक्यू हं," ती म्हणाली.

"टेकडीला माझा विरोध आहेच," सासूबाई म्हणाल्या. "पण म्हणून माझ्या सुनेची वस्तू अडवून ठेवायची म्हणजे काय?"

रविवार आता दहा दिवसांवर आला.

फोर्कच्या डोक्यावर एक लांब नळी असते. ती सायकलीच्या मानेतून वर येते आणि तिच्यावर हॅण्डल बसतं. नवीन फोर्कची ही नळी मुद्दाम लांबलचक देतात, ज्याने त्याने आपल्या सायकलीच्या मापाने कापून घ्यावी म्हणून. सायकलवाल्याने करवत घेतली. तेवढ्यात दुकानाच्या दारात शिंपीकाका उभे. गळ्यात मोजपट्टी.

"थांब, थांब! किती कापतोस?"

"होतं तेवढंच ठेवतो काका. जुन्याला लावून खूण केलीये."

"माया ठेवलीस का?"

"काय?"

"अरे, शिवणीत ठेवतात तशी. चार बोटं जास्त राहू दे. कमी करता येतं, वाढवता येत नाही. पोरगी अंगाने भरेल, उंच होईल..."

"काका, मी बत्तीस वर्षांची आहे," ती म्हणाली.

पण त्यांचा चेहरा इतका काळजीचा होता, की चार बोटं राहिली. परिणाम असा झाला, की हॅण्डल तिच्या छातीच्याही वर आलं. ती बसली तेव्हा तिला मिरवणुकीतल्या उंटावर बसल्यासारखं वाटलं. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येईतो तिला दोघांनी वाट दिली आणि एकाने सलाम केला. चार बोटं पुन्हा कापावी लागली. काका उदास झाले. "दोनदा कापणं मला कधी आवडलं नाही," असं म्हणून ते कापलेला नळीचा तुकडा घरी घेऊन गेले. पुढे त्यात त्यांनी सुया ठेवल्या.

आणि मग सायकलवाल्याने जुनं चाक उचललं, नव्या फोर्कमध्ये धरलं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"होऊन जाईल ना?" तिनेच विचारलं.

"ताई, एक्सल पंधराचा. चाकाच्या मधलं भोक नऊचं. जाणार नाही."

"हे तुम्हाला आधी माहीत नव्हतं?"

"माहीत होतं की."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही फोर्क बदला म्हणालात. चाकाचं कुठे म्हणालात?"

नवीन चाक मागवायला तीन आठवडे लागणार होते. रविवार पाच दिवसांवर. जुना फोर्क काढून झालेला. त्याच्या डोक्यावरची नळीही सायकलवाल्याने, 'आता याचा काय उपयोग' म्हणून, कापून टाकलेली. म्हणजे पूर्वी चाक थोडं वळवळायचं, आता चाकच नव्हतं. इतकी प्रगती झाली होती.

त्या संध्याकाळी म्होरक्यांचा निरोप आला. 'कशी आहे तयारी? नाही जमलं तर अजिबात वाईट वाटून घेऊ नकोस, नवं बाळ म्हणजे असं होतंच.' तिने तो निरोप भाजी ढवळता ढवळता चार वेळा वाचला. 'अजिबात' या शब्दापाशी दर वेळी भाजी खाली लागली.

"नाही जाणार मी," जेवताना ती म्हणाली. "कळवून टाकते."

सासूबाईंना आनंद व्हायला हवा होता. त्यांनी नुसतं ताट पुढे ढकललं आणि म्हणाल्या, "मागचं पान बघितलंस का?"

"कशाचं?"

"ते मला काय माहीत? पण असतं."

दुसऱ्या दिवशी ती फक्त सायकल परत आणायला दुकानात गेली. सायकलवाला चहा पीत होता. तिचं तोंड बघून त्याचाही चहा कडू झाला असावा.

"एक होतं म्हणा," तो म्हणाला. "पण ते कोणाकडेच नसतं."

"काय?"

"तुमच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना बुचं आहेत बघा, ही. ही ओढली की निघतात. हीच नऊची आहेत. आतलं भोक मोठंच आहे. सायकल नवी घेतली तेव्हा पिशवीत दोन जादा बुचं आली असणार, पंधराची. ती बसवली की हेच चाक नव्या फोर्कात जातं. पण लोक पहिल्या दिवशीच हरवतात. म्हणून मी हल्ली विचारतच नाही."

"दिसतात कशी?"

"गोल. अ‍ॅल्युमिनियमची. बुटकी कडी. मधे अंगठा जाईल एवढं..."

पुढचं तिने ऐकलं नाही. ती धावत घरी निघाली होती.

आता इथे त्या घरातली एक पद्धत सांगायला हवी. नवऱ्याचा नियम असा, की घरात आलेल्या कुठल्याही वस्तूबरोबरचा कुठलाही तुकडा टाकायचा नाही. ते सगळं एका पत्र्याच्या डब्यात जातं आणि त्या डब्यावर त्याच्या सुवाच्य अक्षरात 'कशाचं तरी' अशी चिठ्ठी आहे. कपाटाचे स्क्रू, मिक्सरचं रबर, कधीच मेलेल्या रेडिओची कळ. कोणाला काही लागलं की त्या डब्यातून घ्यायचं. पडद्याच्या दोरीला वजन हवं होतं, नवऱ्याने एक कडं घेतलं. नातीला दात येत होते, आजीने दुसरं उकळलं.

पडद्याचं कडं सोपं होतं. नवरा स्टुलावर चढला, दोरी कापली, आणि पडदा फर्रकन वर जाऊन जो अडकला तो आजही तिथेच आहे. समोरच्या इमारतीला त्यांच्या घरात रोज काय शिजतं ते कळतं.

अवघड होता तो गोलू.

नवऱ्याने वाटाघाटींना सुरुवात केली. त्याने बाटलीचं मोठं झाकण पुढे केलं. भिंगरीने ते घेतलं, गोलूतून नीट तपासलं आणि सोफ्याखाली फेकलं. सासूबाईंनी आपल्या पर्सची साखळी देऊ केली. ही पर्स आजवर पोटच्या मुलालाही हातात मिळाली नव्हती. साखळी जप्त झाली, गोलू मुठीतच. शिंपीकाका वर आले आणि त्यांनी जुन्या मशीनवरचं लाकडी रीळ दिलं. भिंगरीने तेही ठेवून घेतलं. एवढ्या मोठ्या माणसांना आज झालंय तरी काय, अशा नजरेने ती सगळ्यांकडे बघत होती.

"झोपली की काढून घेऊ," नवरा कुजबुजला.

"नको," ती म्हणाली. उठल्यावर ती मूठ उघडेल आणि बघेल, हे तिच्या डोळ्यांपुढे आलं. "तिच्या झोपेत चोरी करून मला टेकडी उतरायची नाही."

तिने दुकानातून सायकलीचं चाक आणलं आणि भिंगरीसमोर जमिनीवर आडवं ठेवलं. एका बाजूचं जुनं बूच काढलेलं होतं. तिथे गोल, रिकामी जागा दिसत होती. ती नुसती शेजारी मांडी घालून बसली.

भिंगरीने चाक बघितलं. जागा बघितली. मग मूठ उघडून गोलू बघितला. या वयात कुठलंही भोक रिकामं दिसलं की जिवाला चैन पडत नाही. ती पुढे सरकली, गोलू जागेवर ठेवला आणि दोन्ही हातांनी दाबला.

टक्.

घरातली चार माणसं एकदम ओरडली. भिंगरीने स्वतःला टाळ्या वाजवल्या, स्वतःभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि पडली.

शुक्रवारी फोर्क, चाक, एक्सल, सगळं एकत्र बसलं. सायकल दारात उभी राहिली. नवऱ्याने पुन्हा पोटावर पडून मोजलं. "शून्य," तो म्हणाला, आणि खात्रीसाठी सोफाही पुन्हा मोजून आला. भिंगरी दर तासाला जाऊन चाकाच्या मध्याला हात लावून 'गोलू' म्हणून येत होती.

रविवारी सकाळी टाकीजवळ सहा नवशिके जमले. त्यात बालवाडीच्या एक बाई होत्या. सायकल उभी असतानाच त्यांनी हॅण्डल मुठी आवळून धरलं होतं. म्होरक्यांनी तिचा नवा फोर्क वाकून बघितला. एखादी बसवलेली दाढ बघावी तसा.

"वा! मग ठरल्याप्रमाणे. पुढे तू, गोळा करायला मी."

ती निघाली. पहिल्या शंभर मीटरमध्येच तिला कळलं, सायकलवाला खरं बोलत होता. चाक रेषेत होतं. दगडावरून जाताना कुरकुर नाही, वळताना वळवळ नाही. नजर टाकावी तिकडे चाक. ती शीळ घालायच्या बेतात होती. वाकडा खांब आला.

त्या वळणावरून पायथा दिसतो. पूर्वी तिथे बघण्यासारखं काही नसायचं. आज तिथे तीन मोठी माणसं उभी होती, आणि त्यांच्या मधे एक पिवळी टोपी स्वतःभोवती फिरत होती.

तिच्या दोन्ही हातांनी ब्रेक दाबले.

सायकल जागच्या जागी थांबली. नवा फोर्क किंचित दबला आणि निमूट वर आला. चाकाने काहीही केलं नव्हतं. चाकाने आजवर कधीच काही केलं नव्हतं.

"इथे थांबायचं असतं का?" मागून बालवाडीच्या बाईंचा आवाज आला. त्याही थांबल्या होत्या, आणि त्यांच्यामागे ओळीने सगळे.

"काय झालं?" अगदी वरून म्होरके ओरडले. "पुन्हा चाक का?"

एवढं सोपं होतं. 'हो' म्हणायचं, की झालं. तिने पायथ्याकडे बघितलं, मग चाकाकडे. बिचारं ते, आणि बिचारा तो जुना फोर्क.

"चाक ठणठणीत आहे!" ती वर तोंड करून ओरडली. "ब्रेक मी मारलाय! खाली लेक दिसली, म्हणून!"

"मला वाटलं, मला एकटीलाच भीती वाटतेय," बालवाडीच्या बाई म्हणाल्या. हॅण्डलवरच्या मुठी त्यांनी जरा सैल केल्या.

"वाटतेच. इथे थांबायचं. एक श्वास घ्यायचा. मग माझ्या चाकावर नजर ठेवून या, ते जाईल तिथून. हळू."

आणि ती उतरायला लागली. शीळ न घालता, ब्रेकवर दोन बोटं ठेवून. मागे सहाजण, बदकाच्या पिल्लांसारखे. वाट एका सायकलीपुरतीच. पुढे जायला जागा कुठेच नाही. त्यामुळे सगळ्यांत शेवटी म्होरकेही त्याच चालीने, ब्रेक आवळत येत होते, आणि त्यांच्या ब्रेकचा आवाज थेट त्यांच्या दवाखान्यातल्या यंत्रासारखा येत होता. दरवर्षी नवशिक्यांच्या उतरणीत कोणाचं तरी कोपर सोलवटतं. यंदा गोळा करण्यासारखं काही सांडलंच नाही.

पायथ्याशी पोचल्यावर म्होरक्यांनी हेल्मेट काढलं, घाम पुसला आणि म्हणाले, "झुळूक!" मग जरा थांबून, "पुढच्या महिन्यात दुसरी तुकडी आहे. येशील ना पुढे?"

"बघा तरी, सपाटीवरूनही एवढ्या हळू कोणी जात नाही," सासूबाई शिंपीकाकांना सांगत होत्या. तक्रारीच्या सुरात; पण सांगत मात्र सगळ्यांनाच होत्या.

ती उत्तर देणार, तेवढ्यात भिंगरी धावत आली. आईकडे नाही, सरळ पुढच्या चाकाकडे. चाकाला मिठी मारून तिने मध्यावर हात ठेवला.

"गोलू. दे."

"अगं, घरी गेल्यावर..." नवरा म्हणाला.

"दे."

आईला तिचं म्हणणं पटलं. वस्तू मागितली होती, काम झालं होतं. तिने तिथेच एक्सलचा पेच सोडला, पंधरा मिलिमीटरची ती जाडजूड नळी ओढून काढली, चाक मोकळं केलं आणि बूच उपटून लेकीच्या हातात ठेवलं. आता सायकल घरापर्यंत खांद्यावर न्यावी लागणार होती. नवऱ्याने चाक उचललं, शिंपीकाकांनी एक्सल मोजपट्टीसारखा गळ्याशी धरला.

भिंगरीने गोलू फ्रॉकला पुसला, डोळ्याला लावला आणि धुळीने माखलेल्या, घामेजलेल्या, खांद्यावर सायकल घेतलेल्या त्या बाईची बराच वेळ तपासणी केली.

"आई," तिने निकाल दिला.

भोक पंधरा मिलिमीटरचंच होतं. पण आई त्यात सगळीच्या सगळी मावली.